पलंगावरचं छप्पर

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. घराच्या आत घर, त्याला चार खांब, भिंती कापडाच्या, आणि माणूस आत जातो तो फक्त झोपायला. ओळखा पाहू!

मच्छरदाणी म्हणालात? शाबास! छपरी पलंग म्हणालात? तेही बरोबर. आणि गंमत अशी, की ही दोन्ही उत्तरं मुळात एकच आहेत. ती कशी, हेच आज पाहायचं आहे.

छपरी पलंग तुम्ही चित्रात किंवा सिनेमात नक्की पाहिला असेल. चार कोपऱ्यांना चार नक्षीदार खांब, डोक्यावर छत, छताला झालर आणि चारी बाजूंनी जाडजूड मखमली पडदे. तो पाहिला की कुणाच्याही मनात येतं, राजवाड्याला एवढं भक्कम छप्पर असताना पलंगाला पुन्हा वेगळं छप्पर कशाला? राजाच्या अंथरुणावर काय पाऊस पडणार आहे?

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात कोळवण नावाचं गाव आहे. तिथल्या मुलांना हा प्रश्न तितकासा विचित्र वाटणार नाही. त्या खोऱ्यात आषाढात पाऊस लागला की लागला. भातखाचरं तुडुंब भरतात. जुन्या कौलारू घरात एखादं कौल सरकलं, की पाणी नेमकं अंथरुणावरच ठिबकतं. वाशांवरून उंदीर पळाला, की माती नि काजळी खाली पडते. दिवेलागणीला डास गुणगुणू लागतात ते निराळंच! मग बाजेच्या चार कोपऱ्यांना चार काठ्या बांधायच्या आणि वरून मच्छरदाणी सोडायची. झाला की छपरी पलंग! राजाच्या पलंगात आणि या बाजेत फरक असलाच, तर तो लाकडाचा आणि कापडाचा. कल्पना तीच.

शब्दांची गंमत

आधी शब्दच तपासू या. ‘पलंग’ हा आपला जुना शब्द. संस्कृतात पलंगाला पर्यंक किंवा पल्यंक म्हणत. त्यावरून पलंग आला आणि पालखीही त्यावरूनच आली. म्हणजे पलंग आणि पालखी या सख्ख्या बहिणी. एक घरात बसून राहिली, दुसरी खांद्यावर बसून गावोगाव हिंडली. पोर्तुगीज लोक आपल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांनी पालखीचा शब्द उचलला, आणि त्यांच्याकडून तो इंग्रजीत गेला. इंग्रजीत पालखीला ‘पॅलँक्विन’ म्हणतात ते त्यामुळे.

आता दुसरा शब्द. पलंगावरच्या छताला इंग्रजीत ‘कॅनॉपी’ म्हणतात. मोठा रुबाबदार शब्द वाटतो ना? पण त्याची मुळं खणत गेलं, तर प्राचीन ग्रीक भाषेत ‘कोनोप्स’ हा शब्द हाती लागतो. कोनोप्स म्हणजे चक्क डास! त्यावरून ‘कोनोपिऑन’ म्हणजे डासांपासून वाचवणारा पडदा. पुढे लॅटिन आणि फ्रेंच भाषांतून फिरत फिरत त्याचं ‘कॅनॉपी’ झालं. म्हणजे राजाच्या सिंहासनावरचं छत काय आणि राणीच्या पलंगावरचं छत काय, नावाने दोन्ही मच्छरदाण्याच!

हिरोडोटस नावाचा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात होऊन गेला. इजिप्तमधल्या दलदलीच्या भागात डासांचा फार त्रास, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तिथल्या कोळ्यांची युक्तीही त्याने सांगितली आहे. ज्या जाळ्याने ते दिवसा मासे धरत, तेच जाळं रात्री बिछान्याभोवती लावून आत झोपत. जाळं एकच, दिवसा माशांसाठी आणि रात्री डासांसाठी!

पुढे रोमन लोकांना मात्र ही मच्छरदाणी म्हणजे बायकी चैन वाटायची. इसवी सनापूर्वी ३१ साली रोमचा सेनापती अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा एका बाजूला आणि ऑक्टेव्हियन दुसऱ्या बाजूला, अशी मोठी लढाई झाली. सैन्याच्या निशाणांच्या मधोमध मच्छरदाणी दिसते म्हणजे काय लाजिरवाणी गोष्ट, असं होरेस या रोमन कवीने त्या वेळी नाक मुरडून लिहिलं. डास चावून आजारी पडणं शूरपणाचं आणि मच्छरदाणीत झोपणं लाजेचं! आता याला काय म्हणावं?

राणीची सोन्याची चौकट

जगातला सगळ्यात जुना छपरी पलंग पाहायचा, तर आपल्याला इजिप्तलाच जावं लागतं. १९२५ साली गिझाच्या पिरॅमिडांजवळ शोध घेणाऱ्या मंडळींना जमिनीच्या पोटात खोलवर एक कबर सापडली. हेतेफेरेस नावाच्या राणीचं सामान तिच्यात ठेवलेलं होतं. ज्याने सगळ्यात मोठा पिरॅमिड बांधला, त्या खुफू राजाची ही आई. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट.

त्या सामानात एक पलंग होता आणि त्याच्यावर उभारायची लाकडी चौकट होती. चौकटीचे खांब सोन्याच्या पत्र्याने मढवलेले. ती सुटी करता यायची आणि पुन्हा जोडता यायची. मांडवाचे वासे मांडववाला सोडून नेतो ना, अगदी तसंच. पडदे ठेवायला सोन्याने मढवलेली एक वेगळी पेटीसुद्धा होती. पडदे मात्र कधीच कुजून गेले होते. कापडाचं आयुष्य ते केवढं!

ही गोष्ट लक्षात ठेवा बरं का. छपरी पलंगात आपल्याला आज लाकूड दिसतं, म्हणून आपण लाकडाचंच कौतुक करतो. पण त्या काळी खरी किंमत असायची ती कापडाची.

थंडीवरचा उपाय

आता इजिप्तमधून युरोपात येऊ. मध्ययुगातले दगडी किल्ले चित्रात छान दिसतात. पण हिवाळ्यात त्यांत राहणं म्हणजे शिक्षाच. भिंती गार, जमीन गार, खिडकीतून बोचरं वारं. शेकोटी पेटवली तरी ऊब तिच्यासमोर बसणाऱ्यालाच. शिवाय त्या घरांना आजच्यासारखे बोळ नव्हते. एका खोलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत, अशी वाट. म्हणजे तुम्ही झोपला आहात आणि तुमच्या खोलीतून नोकरचाकर येताहेत, जाताहेत. मालकाच्या खोलीत त्याचा नोकरही खाली झोपायचा.

मग लोकांनी काय केलं? बिछान्याभोवती पडदे लावले. सुरुवातीला हे पडदे वरच्या तुळयांना दोऱ्यांनी टांगत. पडदे ओढले, की आत एक छोटी खोलीच तयार. आपल्याच श्वासाने आणि अंगाच्या उबेने ती गरम राहायची. दोन पांघरुणांत हवा अडकली की जास्त ऊब येते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. तोच हा प्रकार. पंधराव्या-सोळाव्या शतकात पलंगालाच उंच खांब आले आणि छत त्यांच्यावर बसलं. सुतारांना नक्षी कोरायला नवी जागा मिळाली. मग काय विचारता! खांबांवर वेली आल्या, फळं आली, सिंह आले, माणसं आली.

इंग्लंडमध्ये वेअर नावाच्या गावी असा एक ओक लाकडाचा पलंग १५९० च्या सुमारास तयार झाला. रुंदी जवळजवळ पावणेअकरा फूट, लांबी अकरा फूट. शहरात आपण राहतो त्या खोलीएवढा पलंग! लंडनहून निघालेला प्रवासी दिवसभराच्या प्रवासानंतर या गावी मुक्कामाला थांबायचा. तिथल्या खाणावळवाल्यांनी गिऱ्हाईक खेचण्यासाठी हा पलंग ठेवला होता. तो इतका गाजला, की शेक्सपिअरने आपल्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या नाटकात त्याचा उल्लेख केला. एकदा पैज लागली आणि सव्वीस खाटीक आपापल्या बायकांना घेऊन त्याच्यावर झोपले, अशीही एक कहाणी सांगतात. कहाणीच ती, थोडं मीठमसाला लावूनच ऐकायची. इथे झोपून गेलेल्या लोकांनी त्याच्या लाकडावर आपली नावं मात्र खरोखरच कोरून ठेवली आहेत. म्हणजे किल्ल्यांच्या भिंतींवर नावं कोरणारे महाभाग आपल्याकडेच आहेत असं नाही! आज हा पलंग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

शेक्सपिअरवरून आठवलं. हा एवढा मोठा नाटककार १६१६ साली वारला. आपल्या मृत्युपत्रात त्याने बायकोसाठी लिहून ठेवलं, की माझा दुसऱ्या नंबरचा चांगला पलंग त्यावरच्या सरंजामासकट हिला द्यावा. वाचणाऱ्याला वाटतं, हे काय, पलंगासारखी वस्तू मृत्युपत्रात? पण त्या काळी खांब, पडदे, गाद्या, पांघरुणं मिळून पलंग ही घरातली अत्यंत महाग वस्तू असे. आपल्याकडे पाटल्या नि गोठ कुणाला द्यायचे हे जसं आजी ठरवून ठेवते, तसा तिकडे पलंग.

राजाची काकड आरती

थंडीसाठी आलेलं छप्पर हळूहळू दिमाखाचं झालं. याचा कळस झाला फ्रान्समध्ये, चौदाव्या लुईच्या काळात. पॅरिसजवळ व्हर्सायला त्याचा प्रचंड राजवाडा आहे. १७०१ साली त्याने आपली झोपायची खोली राजवाड्याच्या बरोबर मध्यावर आणली. पलंगाभोवती कठडा. कठड्याच्या आत कोणी जायचं आणि कोणी नाही, याचे कडक नियम.

सकाळी राजा उठायचा तो समारंभाने. आधी जवळची माणसं आत येणार, मग मानकरी, मग इतर दरबारी. राजाला सदरा कोणी द्यायचा, हा मान ठरलेला. रात्री झोपताना मेणबत्ती कोणी धरायची, हाही मान. ती मेणबत्ती आपल्या हातात यावी म्हणून मोठमोठे सरदार झुरायचे! राजा खोलीत नसला तरी त्याच्या रिकाम्या पलंगापुढे मान लववायची, अशी रीत होती.

हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? आपल्याकडे काकड आरती आणि शेजारती असते ना, अगदी तसंच! पंढरपूरला विठ्ठलाचं शेजघर आहे, पलंग आहे. रोज रात्री शेजारती होते. पण आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत लाखो वारकरी येतात, तेव्हा देवाचा पलंग काढून ठेवतात. देवाने झोपायचं नाही. चोवीस तास उभं राहून भक्तांना दर्शन द्यायचं. उभं राहून तो दमेल म्हणून त्याच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड लावतात. मग प्रक्षाळपूजा झाली की पलंग पुन्हा आत.

तुळजापूरच्या भवानीचा पलंग तर आपल्या पुणे जिल्ह्यातून जातो. आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावात तो तयार होतो आणि अहिल्यानगरमार्गे मजल दरमजल करत दसऱ्याच्या सुमारास तुळजापूरला पोचतो. सीमोल्लंघनानंतर देवी त्याच्यावर विसावते ती कोजागरी पौर्णिमेपर्यंत. नऊ दिवस युद्ध करून ती दमलेली असते, अशी यामागची श्रद्धा.

पाहा हं, दोन्हीकडे पलंगच. पण केवढा फरक! आपल्या वारकऱ्यांनी भक्तांसाठी देवाचीही झोप काढून घेतली. फ्रान्सच्या राजाने मात्र स्वतःच्या झोपण्या-उठण्यासाठी सरदारांना ताटकळत ठेवलं. त्यात त्याचा धूर्तपणाही होता. सरदार पलंगाजवळच्या मानासाठी भांडत राहिले, की बंड करायला त्यांना सवड कुठली?

पेटीत झोपलेला पलंग

राजाचं पाहून मग सगळ्याच श्रीमंतांना तसा पलंग हवा झाला. इंग्लंडमधले उमराव लाखमोलाचे पलंग करून घेऊ लागले. कशासाठी? तर कधी काळी राजा किंवा राणी पाहुणी म्हणून आली तर! स्वतः मालक दुसऱ्या साध्या पलंगावर झोपायचा.

डर्बीशायर परगण्यात कॅल्क अ‍ॅबी नावाचा एक वाडा आहे. तिथे १७३४ च्या सुमारास लग्नाच्या अहेरात राजकन्येकडून असा एक पलंग आला, असं मानतात. त्याचे पडदे चिनी रेशमाचे, भरतकामाने भरलेले. पण तो धड कधी उभारलाच नाही. पेट्यांत तसाच पडून राहिला. १९८५ साली तो वाडा जपणुकीसाठी एका संस्थेच्या हाती आला आणि पेट्या उघडल्या, तेव्हा आतलं रेशीम नुकतंच विणल्यासारखं ताजं! अडीचशे वर्षं त्याला ऊन लागलं नव्हतं, म्हणून रंग टिकले. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला कपबशांचा सेट असतो ना कपाटात? त्याचाच हा थोरला भाऊ.

आपला पलंगपोस

आता या सगळ्यात आपण कुठे आहोत ते पाहा. ‘पलंगपोस’ हा शब्द आजीच्या तोंडी तुम्ही ऐकला असेल. पलंगावर अंथरायचं कापड. हाच शब्द इंग्रजांनी उचलला आणि त्याचं केलं ‘पॅलमपोर’. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंड, फ्रान्स आणि हॉलंडमध्ये श्रीमंताच्या पलंगावर हिंदुस्थानातून आलेला पॅलमपोर असणं ही मोठी प्रतिष्ठेची गोष्ट होती. ‘चीट’ हा शब्दही असाच. चिटाचा परकर असं आपण म्हणतो ना, तेच चीट तिकडे ‘चिंट्झ’ झालं.

हे कापड मुख्यतः आपल्या पूर्व किनाऱ्यावर, मछलीपट्टणच्या आसपास तयार व्हायचं. ते नुसतं छापायचे नाहीत, कलमाने चितारायचे. आधी सुती कापड हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात मिळतो तोच हिरडा! दुधातल्या स्निग्धपणामुळे रंग पसरत नसे. मग लोखंडापासून केलेल्या पाण्याने काळ्या रेघा, तुरटीच्या पाण्याने लाल रंगाच्या जागा. त्यानंतर मुळीच्या रंगात उकळलं, की तुरटी लावलेली जागाच तेवढी लाल व्हायची. निळ्या रंगासाठी बाकीच्या भागावर मेण लावायचं आणि कापड निळीत बुडवायचं. एका पलंगपोसाला किती हात लागत असतील, विचार करा. फुलांनी लगडलेलं एक मोठं झाड, ही त्यावरची आवडती नक्षी. आणि धुतलं तरी रंग जात नसे. असं पक्क्या रंगाचं सुती कापड युरोपात त्या वेळी कुणालाच जमत नव्हतं.

मग तिकडचे विणकर घाबरले. फ्रान्सने १६८६ मध्येच असल्या कापडावर बंदी घातली; ती १७५९ पर्यंत होती. इंग्लंडने १७०१ मध्ये बंदी लागू केली आणि १७२१ मध्ये कायदा आणखी कडक केला. १७१९ साली तर लंडनच्या विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरचे चिटाचे कपडे फाडले. वागणं वाईटच, पण त्या विणकरांच्या घरातल्या चुलीही थंड पडल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही. नंतर युरोपात यंत्रं आली आणि आपल्या कारागिरांवर तीच पाळी आली.

बंदीची एक गोष्ट सांगतो. डेव्हिड गॅरिक हा लंडनचा फार मोठा नट. कलकत्त्याच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी तिथे नाटकगृह काढलं, तेव्हा त्याने त्यांना मदत केली. उपकाराची फेड म्हणून त्यांनी गॅरिकच्या बायकोला पलंगाच्या पडद्यांसाठी मछलीपट्टणचं सुंदर चीट पाठवलं. १७७५ साली लंडनमध्ये जकातवाल्यांनी ते जप्त केलं! गॅरिकने अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली, विनवण्या केल्या. ते चीट आणि गॅरिकचा छपरी पलंग दोन्ही आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवले आहेत. पलंग थॉमस चिपेंडेल या प्रसिद्ध कारागिराच्या कारखान्यातला, म्हणून त्याचं नाव सगळे घेतात. चीट चितारणाऱ्याचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. ते त्या वेळी कुणी लिहूनच ठेवलं नाही.

छप्पर परत आलं

आपलं कापड युरोपात गेलं, तसा युरोपातला पलंगाचा घाट आपल्याकडे आला. गोव्यातल्या जुन्या वाड्यांत आजही चार खांबांचे उंच पलंग दिसतात. घाट पोर्तुगिजांकडचा, पण लाकूड इथलं आणि हातही इथल्याच सुतारांचे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचं शिसवी लाकडाचं कोरीव सामान असंच नावाजलेलं होतं. एवढं दाट कोरीवकाम, की बोटभर जागा मोकळी नाही!

पण आपल्या हवेत मखमलीचे पडदे लावून झोपायचं म्हणजे जिवंतपणी उकडून निघायचं. म्हणून इथे खांब राहिले आणि मखमल गेली. तिच्या जागी आली पातळ, हवा खेळती ठेवणारी जाळी. म्हणजे इजिप्तच्या कोळ्यांपासून निघालेलं छप्पर राजवाडे फिरून शेवटी पुन्हा मच्छरदाणीपाशीच आलं.

तिकडे युरोपातही छपरी पलंग मागे पडला. घरं उबदार झाली, बोळ आले, प्रत्येकाला स्वतंत्र खोली मिळू लागली. कोंदट पडद्यांत धूळ आणि ढेकूण साठतात, आजाऱ्याला मोकळी हवा हवी, असं डॉक्टर सांगू लागले. मग साध्या लोखंडी खाटा आल्या.

आणि त्याच सुमाराला मच्छरदाणीचं खरं मोल कळलं. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डॉ. रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. तोवर लोकांना वाटायचं, दलदलीच्या वाईट हवेने हा ताप येतो. रॉस यांना १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे होरेसने जिला हसून नाकारलं, त्या जाळीमुळे किती सैनिक वाचले असते!

आज कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या मिळतात. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात मलेरियाची सुमारे ६६ कोटी आजारपणं टळली, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. त्यातली ६८ टक्के या साध्या मच्छरदाण्यांमुळे टळली. तरीही मलेरियाने अजून जगात वर्षाला सुमारे सहा लाख माणसं मरतात, आणि त्यांत बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं असतात. त्यांच्या डोक्यावर सोन्याच्या खांबांचं छप्पर नको आहे. एक धड जाळी पुरे आहे.

तेव्हा आज रात्री आईने मच्छरदाणी लावायला सांगितली, तर कुरकुर करू नका. एक टोक तुम्ही धरा. कडा गादीखाली नीट खोचा, भोक असेल तर दोन टाके घाला. घरात बाळ असेल तर ते दुपारी झोपलेलं असतानाही मच्छरदाणी लावा, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. आणि आत शिरलात की वर पाहा. कोळवणच्या बाजेवर असो नाहीतर पुण्याच्या फ्लॅटमध्ये, चार कोपऱ्यांवर ताणलेलं ते छप्पर हेतेफेरेस राणीच्या छपराचंच भावंड आहे.

करून पाहा

आजी-आजोबांना विचारून झोपण्याच्या साधनांची नावं वहीत लिहा: बाज, खाट, माचा, मंचक, पलंग, पाळणा. तुमच्या घरी कोणती होती, ती कोणी बनवली, विणकाम काथ्याचं होतं की नवारीचं, तेही विचारा. बनवणाऱ्याचं नाव कळलं, तर ते वहीत सगळ्यात वर लिहा.

पुढच्या आठवड्यात आपण भेटू कुलुपाला. किल्ली हरवली तर मात्र त्याआधी भेटावं लागेल!